गाडी किती घेते?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून दीड किलोमीटरला ३१ रुपये झालं. म्हणजे किलोमीटरमागे २० रुपये ६६ पैसे. या पैशांत गाडी आली, इंधन आलं, चालकाची मजुरी आली, आणि तुम्ही उतरल्यावर गाडी कुठे लावायची ही डोकेदुखीही त्याचीच. आता तुमच्या स्वतःच्या गाडीचा किलोमीटरचा भाव सांगा पाहू! बहुतेक जण पेट्रोलच्या दराला ॲव्हरेजने भागतात आणि ‘सहा-सात रुपये’ म्हणून मोकळे होतात. खरा आकडा साध्या, बेताने चालणाऱ्या हॅचबॅकलाही वीसच्या पुढे जातो.

हा विसर काही फक्त आपल्याकडचा नाही. जर्मनीत सहा हजारांहून जास्त लोकांना त्यांच्या गाडीचा महिन्याचा खर्च विचारला गेला. त्याचे निष्कर्ष एप्रिल २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. लोकांनी सांगितलेला खर्च खऱ्या खर्चाच्या जेमतेम निम्मा होता आणि महिन्याकाठी २२१ युरोंची तफावत निघाली. गंमत अशी की इंधनाचा अंदाज जवळपास अचूक होता. पंपावर दर आठवड्याला पैसे मोजावे लागतात, म्हणून तो खर्च लक्षात राहतो. घसारा, दुरुस्ती, कर आणि विमा हे खर्च मात्र हिशेबातून निसटतात.

गाडी घेऊ नका, असं सांगण्यासाठी हे लिहीत नाही. घरात वयस्क माणसं असतात, रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागतो, गावाला शेवटची एसटी निघून गेलेली असते. गाडी खुशाल घ्या. फक्त ती काय-काय घेते, ते आधी ठाऊक असू द्या.

चार मीटरला पाच मिलिमीटर कमी

नेक्सॉन, डिझायर, व्हेन्यू, ब्रेझा. कंपन्या वेगळ्या, घडण वेगळी. पण लांबी चौघींची एकच, ३९९५ मिलिमीटर! हा योगायोग नाही. सरकारच्या कर-व्याख्येत ‘छोटी गाडी’ ४ मीटरच्या आत संपते, म्हणून कंपन्या ५ मिलिमीटर राखून थांबतात. टाटांनी तर २००८ मध्ये इंडिगोची शेपटी कापून ‘इंडिगो सीएस’ आणली ती याच रेषेसाठी, आणि चार मीटरच्या आतली सेडान हा अस्सल भारतीय प्रकार जन्माला आला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ही रेषा आणखी ठळक झाली. लांबी ४ मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत, तर जीएसटी १८ टक्के. यातली एक अट जरी चुकली तरी ४० टक्के. विजेवरच्या गाडीला ५ टक्के. ब्रेझा लांबीत बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळे ती चाळिसाच्या रांगेत. गाडी निवडताना सनरूफच्या आधी सीसी विचारा.

हा जीएसटी ‘एक्स-शोरूम’ किमतीच्या पोटात असतो. त्याच्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहनकर. पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, त्यापुढे १३. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त. आणि हा कर जीएसटीसकट किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर! साडेसात लाखांच्या छोट्या पेट्रोल गाडीत सुमारे १ लाख १४ हजार जीएसटी आधीच शिरलेला असतो, वर ८२,५०० वाहनकर. चावी हातात येण्याआधी जवळपास दोन लाख रुपये सरकारजमा.

तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर वाहनकर थेट २० टक्के. व्यवसायाच्या नावावर गाडी घ्यायचा सल्ला कुणी दिला, तर प्राप्तिकरातली बचत आणि हा फरक शेजारी-शेजारी मांडून पाहा. सीएनजीची गाडी उलट स्वस्तात सुटते. १ जुलै २०२५ च्या वाढीनंतरही तिचा दर ८ टक्क्यांपासून सुरू होतो.

आणखी एक ओळ अनेकांच्या पावतीत असते आणि विसरली जाते. गाडी १० लाखांच्या वरची असेल तर विक्रेता १ टक्का टीसीएस कापून घेतो. हा खर्च नव्हे, तुमच्या प्राप्तिकराची आगाऊ जमा आहे. १२ लाखांच्या गाडीवर १२ हजार रुपये होतात. विवरणपत्र भरताना ते मागून घ्यायचे. न मागणारे पुष्कळ आहेत.

डीलरच्या कोटेशनचा कागद एकदा शांतपणे ओळ-ओळ वाचा. कर्जाच्या बोजाच्या (हायपोथिकेशन) नोंदीचे १५०० आणि नोंदणीचे ६०० रुपये सरकारी आहेत. फास्टॅग ठीक. मग खाली-खाली ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’, ‘एसेन्शियल किट’ अशा ओळी सुरू होतात. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा : हे कुठल्या नियमाने? ज्याला नियमाचा आधार नाही ते देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. ‘मॅट, मडफ्लॅप आणि सीट कव्हर’ मिळून काही हजार रुपये लागतात. त्याच वस्तू बाहेरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात बऱ्याच कमी भावात असतात. आणि विमा डीलरकडूनच घ्यायला हवा असंही नाही.

‘लाखाची गाडी’ म्हणून जगभर गाजलेली नॅनो २३ मार्च २००९ ला मुंबईत आली. तो लाखसुद्धा व्हॅट आणि वाहतूक सोडून होता.

गाडीपेक्षा नंबर महाग

राज्याने ऑगस्ट २०२४ च्या शेवटी पसंती क्रमांकांचे दर वाढवले. चारचाकीसाठी ‘०००१’ हवा असेल तर ५ लाख रुपये; मुंबई, पुण्यासारख्या जास्त मागणीच्या ठिकाणी ६ लाख. चालू मालिकेत तो नसेल आणि दुसऱ्या मालिकेतून मागवला, तर आकडा १८ लाखांपर्यंत चढतो. या पैशांत बेस मॉडेलच्या तीन-चार छोट्या गाड्या दारात उभ्या राहतील! आणि हा नंबर गाडीला ताशी एक किलोमीटरही जास्त पळवत नाही. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण खर्चाच्या वहीत ती रक्कम लिहायलाच हवी.

हौस नसलेल्या नंबरप्लेटचाही खर्च आहेच. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवावी लागली, ती चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. त्यानंतरच्या गाड्यांना ती कंपनीकडूनच लागून येते.

विमा : पाणी शिरलं तर काय?

थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. कुठल्याही कंपनीत गेलात तरी तोच. जून २०२२ मध्ये ठरलेले वर्षाचे दर असे : १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७. सीसीचा आकडा इथेही पाठ सोडत नाही. विजेवरच्या गाडीला या दरात १५ टक्के सूट. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. पहिल्या वर्षीचा हप्ता इतका जड का, त्याचं हे उत्तर.

घासाघीस चालते ती दुसऱ्या भागावर, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर. तिथे ‘नो क्लेम बोनस’ ही खरी कमाई. एक वर्ष दावा केला नाही तर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षांनी ५० टक्के. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. गाडी विकलीत तरी तो तुमच्या नव्या गाडीवर आणता येतो. फक्त विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यायला हवं. गाडी विकणारे कितीतरी लोक हा बोनस तसाच वाऱ्यावर सोडतात. बंपरला दोन हजारांचा ओरखडा आला म्हणून दावा करण्याआधी हा जिना डोळ्यांसमोर आणा. चौथ्या पायरीवरून घसरलात तर पुन्हा तळापासून चढायचं.

दावा मंजूर झाला तरी पूर्ण पैसे मिळतात असं नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, काचेचे पूर्ण. आजच्या गाडीचा पुढचा भाग बहुतांश प्लास्टिकचा, म्हणून पहिली पाच वर्षं घसारा न कापणारी ‘झिरो डेप’ जोड घेणं परवडतं.

आता पावसाळा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरभर गाड्या पाण्यात बुडाल्या. त्या दिवसांनी जो धडा दिला तो आजही अनेकांना माहीत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायची नाही! इंजिनच्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवेच्या वाटेने पाणी आत गेलेलं असताना चावी फिरवली की पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मेकॅनिक याला ‘हायड्रोलॉक’ म्हणतात. साध्या पॉलिसीत असं बिघडलेलं इंजिन बसत नाही, कारण नुकसान पुरामुळे नव्हे, चावी फिरवल्यामुळे झालं असं कंपनी म्हणते. ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाची जोड घेतली तर काही हजारांत हा धोका टळतो. तळघरात किंवा सखल रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांनी ती घ्यावीच. आणि पाणी चढलंच तर गाडी ढकलत बाजूला न्या, टोईंगला फोन लावा, चावीला हात लावू नका.

ॲव्हरेजची टेकडी

जाहिरातीतलं ॲव्हरेज कुठून येतं, माहीत आहे? गाडी रस्त्यावर नाही, प्रयोगशाळेतल्या रोलरवर चालते. ही चाचणी करणारी देशातली नावाजलेली संस्था, एआरएआय, पुण्यातच आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली. तिच्यामुळेच वेताळ टेकडीचा तो भाग पुणेकर ‘एआरएआय टेकडी’ म्हणून ओळखतात. चाचणीचं वेळापत्रक ठरलेलं असतं : वीसेक मिनिटं, ताशी जास्तीत जास्त ९० किलोमीटर, एसी बंद. त्यात ना सिंहगड रस्त्याची कोंडी, ना खंबाटकीचा चढ, ना मागच्या सीटवर तीन पाहुणे. म्हणून शहरात त्या आकड्याच्या दोनतृतीयांश मिळालं तर गाडी ठीक आहे असं समजावं. जाहिरातीचा आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता उपयोगी. खर्चाचा अंदाज त्यावर बांधू नये.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. आपल्या साखर कारखान्यांना त्याने नवं गिऱ्हाईक मिळालं, हे सोलापूर-कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको. पण इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा जवळपास एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला होता. लिटरला १५ देणारी जुनी गाडी १४ देऊ लागली, तर मेकॅनिकला दोष देण्याआधी हे ध्यानात घ्या.

टायरची हवा ही सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती. ५ पीएसआय हवा कमी असेल तर ॲव्हरेज साधारण १ टक्क्याने घटतं आणि टायर कडांनी झिजतो. टायर घेताना त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचायला शिका. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. दुकानदार दोन वर्षं पडून राहिलेला माल ताज्याच्या भावात देत असेल, तर हे चार आकडे बोलतात.

सीएनजीचं गणित करताना किलो आणि लिटर यांची गल्लत होते. दोन्हीकडे किलोमीटरचा भाव काढा. सीएनजी किलोला ८० रुपये आणि गाडी २५ किलोमीटर देते असं धरलं तर किलोमीटर ३ रुपये २० पैशांना पडतो, पेट्रोलचा निम्म्याहून कमी. वर्षाला १० हजार किलोमीटर चालणारी गाडी यात ३७ हजारांच्या आसपास वाचवते. सीएनजी मॉडेलसाठी जास्तीचे ९० हजार मोजले असतील तर ते अडीच वर्षांत वसूल. पण वर्षाला तीन-चार हजारच किलोमीटर होत असतील, तर तेच पैसे निघायला सहा ते आठ वर्षं जातात, डिकीची जागा जाते, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो चाचणी मागे लागते ती वेगळीच.

हप्ता लहान, कर्ज लांब

सहा लाखांचं कर्ज, दर ९ टक्के. पाच वर्षांत फेडलं तर महिन्याचा हप्ता १२,४५५ रुपये. सात वर्षांत फेडलं तर ९,६५३. विक्रेता दुसरा आकडा मोठ्याने सांगतो. पाच वर्षांत व्याज जातं सुमारे १ लाख ४७ हजार, सात वर्षांत २ लाख ११ हजार. दोन वर्षांच्या सवडीची किंमत ६४ हजार रुपये. शिवाय गाडीची किंमत कर्जापेक्षा भरभर उतरते, त्यामुळे मध्येच विकायची वेळ आली तर आलेले पैसे बँकेतच जायचे.

ज्याची पावती कधीच मिळत नाही

सगळ्यांत मोठा खर्च घसाऱ्याचा, आणि तोच सगळ्यांत गप्प. विमा कंपन्यांचं कोष्टक पाहा : सहा महिन्यांच्या आत गाडीची किंमत ५ टक्के उतरते, वर्षाअखेर १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०, पाचव्या वर्षी ५० टक्के. शोरूमची किंमत निम्मी, तीही वाहनकर आणि विम्याचे पैसे न धरता. बाजारात एखादी खपाऊ गाडी यापेक्षा चांगला भाव आणते, एखादी फार पडते. कंपनीने मॉडेल बंद केलं की भाव झटक्यात खाली.

जुन्या गाड्यांच्या बाजारात अनुभवी माणूस गाडी कशी पाहतो, ते एकदा बघण्यासारखं आहे. तो रंगाकडे बघतही नाही. दार उघडून कडेची रबरी बीडिंग ओढतो आणि आतल्या पत्र्यावरचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके एकसारखे आहेत का पाहतो; चौकटीचं काम झालेलं असेल तर ठिपके नसतात किंवा वेडेवाकडे असतात. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडलाय का पाहतो. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातली खूण वाचतो. पाच काचा एका सालच्या आणि एकच वेगळी, तर तिथे काही तरी घडलंय. डिपस्टिक ओढून तेल बोटांत चोळतो. मग स्टेपनी उचलून तिच्याखालचा खड्डा पाहतो, कारण मागून बसलेली धडक तिथे लपत नाही. पाच मिनिटांत तुमच्या गाडीचे पन्नास हजार कमी होतात, आणि प्रत्येक हजाराला कारण असतं.

दसरा-पाडव्याला गाडी घेणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट. आरसी बुकावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत घेतली तर विकताना ती एक वर्षाने जुनी मोजली जाते. डिसेंबरची सवलत मोठी असते ती याचमुळे. गाडी दहा-बारा वर्षं वापरणार असाल तर ही सवलत बिनधास्त घ्या, तीन-चार वर्षांत बदलणार असाल तर सवलतीतून तेवढा तोटा वजा करा. मुहूर्ताच्या दिवशी मात्र झेंडूच्या हारासकट पूर्ण किंमत पडते, कारण त्या दिवशी गिऱ्हाईकं रांगेत असतात.

उभ्या गाडीचं भाडं

ब्रिटनच्या आरएसी फाउंडेशनने २०१२ मध्ये हिशेब मांडला : तिथली सरासरी गाडी ८० टक्के वेळ घरी उभी असते, १६ टक्के वेळ दुसरीकडे उभी, आणि चालते फक्त ४ टक्के वेळ. दिवसाला तासभर चालणाऱ्या आपल्या गाडीचंही हेच प्रमाण. म्हणजे जागा लागते ती उभ्या गाडीला. अडीच मीटर रुंद, साडेपाच मीटर लांब पार्किंग म्हणजे जवळपास १४८ चौरस फूट. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीपेक्षा मोठी जागा!

बिल्डर स्टिल्ट किंवा मोकळी पार्किंग स्वतंत्रपणे विकू शकत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात आला. फ्लॅट घेताना हा निकाल लक्षात असू द्या. जपानने १९६२ च्या कायद्याने गाडी ठेवायला जागा आहे हे दाखवणं मालकावर टाकलं. सिंगापूर तर गाडी बाळगण्याच्या परवान्याचाच लिलाव करतं. तो परवाना दहा वर्षांपुरता असतो आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांचा परवाना दीड लाख सिंगापूर डॉलरवर गेला होता. गाडीची किंमत त्यानंतर.

टोलचं चित्र आपल्याकडे अलीकडे बदललं. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ च्या मध्यापासून छोट्या गाड्या मोफत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एप्रिल २०२३ पासून एका वेळचे ३२०, अटल सेतूवर २५०. १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा फास्टॅग वार्षिक पास आला, म्हणजे नाका १५ रुपयांत. पण तो चालतो राष्ट्रीय महामार्गांवर. खेड शिवापूरला उपयोगी, द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर नाही. सातारा-कोल्हापूरकडे वरचेवर जाणाऱ्यांनी घ्यावा. फक्त पुणे-मुंबई करणाऱ्यांना त्याचा फायदा नाही.

पीयूसीला शंभर-सव्वाशे रुपये लागतात आणि ती नसेल तर कायद्यात दंड १० हजारांपर्यंत. गाडी पुसणाऱ्या दादांचे महिन्याला सहाशे रुपये धरले तर सात वर्षांत पन्नास हजार होतात. आणि सर्व्हिसिंगला जाताना गाडीचं मॅन्युअल सोबत ठेवा. जॉबकार्डवर ‘इंजिन फ्लशिंग’ किंवा ‘टेफ्लॉन कोटिंग’ दिसलं तर मॅन्युअलच्या त्या किलोमीटरच्या रकान्यात ते आहे का बघा. नसेल तर नको म्हणा.

आता बेरीज

पुण्यातली एक पेट्रोल हॅचबॅक धरू. एक्स-शोरूम साडेसात लाख, कर, पहिला विमा आणि नोंदणी मिळून ८ लाख ७२ हजारांना दारात. सात वर्षं वापरली, वर्षाला १० हजार किलोमीटर, मग तीन लाखांना विकली. घसारा झाला ५ लाख ७२ हजार. कर्जाचं व्याज १ लाख ४७ हजार. पुढच्या सहा वर्षांचा विमा ८४ हजार. लिटरला १५ किलोमीटर आणि १०४ रुपये धरून पेट्रोल ४ लाख ८५ हजार. सर्व्हिसिंग ५६ हजार. टायरचा एक संच आणि दोन बॅटऱ्या ३२ हजार. क्लच प्लेट, सस्पेन्शन, ठोकाठोकी ४० हजार. पार्किंग आणि पुसणं ७५ हजार. टोल, पे अँड पार्क ४२ हजार.

एकूण १५ लाख ३३ हजार. महिन्याला १८,२५०. किलोमीटरला २२ रुपये, आणि त्यात पेट्रोल फक्त ७! पेट्रोलचा वाटा एकतृतीयांशाहूनही कमी.

हीच गाडी वर्षाला चार हजार किलोमीटरच चालली तर? पेट्रोल आणि टोल वाचतात, पण घसारा, व्याज आणि विमा थांबत नाहीत. किलोमीटर ४४ रुपयांच्या घरात जातो. कमी चालवून पैसे वाचतात हे खरं, पण कमी चालणारी गाडी किलोमीटरला जास्त महाग पडते. उलट कर्ज फिटल्यावर तीच गाडी आणखी चार-पाच वर्षं नीट ठेवली, तर व्याज शून्य, घसारा मंद, आणि किलोमीटरचा भाव भराभर उतरतो. माझ्या मते गाडीवरची सगळ्यांत मोठी बचत ही आहे : चालत्या गाडीला सातव्या वर्षी हौसेने बदलू नका.

पंधराव्या वर्षी नोंदणी संपते. नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या गाडीला १०,०००. शिवाय फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर. गाडी मोडीत काढायची असेल तर नोंदणीकृत केंद्रातच द्या आणि ठेव प्रमाणपत्र मागून घ्या. नव्या खासगी गाडीच्या वाहनकरात त्यावर २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.

नवी गाडी बुक करण्याच्या बेतात असाल, तर वरच्या बेरजेतले आमचे आकडे खोडा आणि तुमचे घाला. वर्षाचे किलोमीटर मात्र प्रामाणिकपणे लिहा. सगळं उत्तर त्या एका आकड्यावर आहे. भागाकार टॅक्सीच्या भाड्यापेक्षा दुप्पट आला, तर बुकिंगची रक्कम भरण्याआधी घरच्यांसोबत एकदा बसा.